तांबड्या राक्षसी ताऱ्याचं वस्तुमान जातं कसं?

प्रश्न असा आहे: "तांबडा राक्षसी तारा शेवटी बाहेरचे थर अवकाशात फेकून देतो आणि मागे श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा छोटा, दाट गाभा, उरतो, असं सगळीकडे वाचलं. पण स्फोट होत नाही असंही म्हणतात. मग फेकतो कोण? एवढ्या मोठ्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण तो वायू परत का खेचून घेत नाही? आणि आपल्या सूर्याचं किती जाणार?"

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, पण खरा पेच मधल्या प्रश्नात आहे. आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. गेली वीस-बावीस वर्षं मी अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीचा वायू मोजते. दुर्बिणी परदेशात, उंच डोंगरांवर. मी पुण्यात, संगणकासमोर. ताऱ्याच्या आत काय चालतं याची गणितं करणारे लोक वेगळे. त्यांचं काम मला शेजारणीच्या स्वयंपाकासारखं माहीत आहे: काय शिजतंय ते वासावरून कळतं, पण पळी माझ्या हातात नाही.

तर, ‘फेकतो’ या शब्दाने बराच घोळ करून ठेवला आहे. तो ऐकला की डोळ्यांसमोर सुतळी बॉम्ब येतो. प्रत्यक्षात हे काम लाखो वर्षं चालतं, बहुतेक काळ कासवाच्या गतीने, आणि शेवटी शेवटी एकदम जोरात. आम्ही त्याला ताऱ्याचा वारा म्हणतो. सूर्यालाही वारा आहे. सूर्यावरून सेकंदाला दहा-पंधरा लाख टन वायू निघून जातो. आकडा मोठा वाटतो, पण जन्मापासून आजपर्यंत याच दराने गेलं असं धरलं, तर सूर्याचा साधारण दहा हजारावा भाग गेला. म्हणजे काहीच नाही. म्हातारपणी मात्र तोच तारा आपलं निम्मं वस्तुमान घालवून बसतो. मधे काय बदलतं?

पहिला बदल सोपा आहे. तारा फुगतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटायला सेकंदाला ६१८ किलोमीटर वेग लागतो. तोच सूर्य दोनशे पट फुगला की मुक्तिवेग ४४ किलोमीटरवर येतो, कारण पृष्ठभाग केंद्रापासून तेवढा लांब गेला. गुरुत्वाकर्षण तिथे ढिलं पडलेलं असतं. पण ढिलं म्हणजे सुटलेलं नव्हे, आणि पुष्कळ लेख इथेच थांबतात म्हणून तुमचा प्रश्न उरतो. या ताऱ्यांचा पृष्ठभाग थंड असतो, सुमारे ३००० केल्विन. त्या तापमानाला वायूच्या कणांची स्वतःची धावपळ सेकंदाला चार-पाच किलोमीटरची. पाहिजे चाळीस, आहेत चार. वायू आपणहून सुटणं शक्य नाही. बरं, तारा सूर्याच्या हजारो पट तेजस्वी आहे, तर प्रकाशच त्याला ढकलत असेल? तेही नाही. हायड्रोजन आणि हेलियम या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतात. प्रकाश त्यांच्यातून निघून जातो, धक्का लागतच नाही.

याचं उत्तर मी विद्यार्थ्यांना सुपावर सांगते. धान्य पाखडताना पाहिलं असेल. नुसतं सूप वाऱ्यात धरून ठेवलं तर फोलपटं उडत नाहीत. धान्य वर उडवावं लागतं, आणि ते क्षणभर हवेत असताना वारा हलकं फोलपट पळवतो. ताऱ्यावर अगदी या दोन क्रिया होतात. उडवणारं वेगळं आणि पळवणारं वेगळं.

उडवायचं काम स्पंदन करतं. हे तारे श्वास घेतल्यासारखे फुगतात आणि आकसतात. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा यांचा मूळपुरुष. डाव्हिड फाब्रिसियस या जर्मन धर्मोपदेशकाने १५९६ मध्ये तो दिसताना आणि मग दिसेनासा होताना नोंदवला. त्याचं चक्र साधारण ३३२ दिवसांचं. प्रत्येक चक्रात आतून एक धक्कालहर निघते आणि पृष्ठभागावरचा वायू वर उचलते, ताऱ्याच्या त्रिज्येएवढा वर किंवा त्याहून थोडा जास्त. मग तो वायू चेंडूसारखा परत खाली पडू लागतो, तेवढ्यात पुढची लहर येते. स्पंदनाच्या जोडीला पृष्ठभागावर प्रचंड बुडबुडे वरखाली होत असतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने आर डोराडस या ताऱ्यावरचे असे बुडबुडे टिपले. एकेक बुडबुडा सूर्याच्या सुमारे ७५ पट मोठा आणि महिन्याभरात जागा बदलणारा. आमच्या क्षेत्रात ‘ताऱ्याचा पृष्ठभाग’ असं म्हणतो तेव्हा मनात गुळगुळीत चेंडू येतो. या ताऱ्यांच्या बाबतीत काहिलीत रटरटणारा उसाचा रस डोळ्यांपुढे आणा.

नुसतं उडवून भागत नाही, हे सुपानेच सांगितलं. वर गेलेला वायू थंड होतो. हजार-दीड हजार केल्विनच्या खाली आला की त्यात धूळ जमू लागते. धूळ म्हणजे अक्षरशः घन कण, केसाच्या जाडीच्या शेकडो पट बारीक. वायू पारदर्शक होता, धूळ नाही. आता प्रकाशाला ढकलायला काहीतरी सापडलं. धूलिकण बाहेर निघतात आणि जाता जाता आजूबाजूच्या वायूच्या रेणूंना धडकतात. इथे सुपाचा दृष्टान्त उलटा होतो, आणि मला तो तिथेच जास्त आवडतो. पाखडताना फोलपट जातं आणि दाणा राहतो. इथे फोलपट दाण्यालाही ओढून नेतं. वायूच्या साधारण दोनशे भागांमागे एक भाग धूळ असते, आणि ती एवढीशी धूळ सगळा पसारा घेऊन निघते.

धूळ कसली, हे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या हिशोबावर ठरतं. कार्बन मोनॉक्साइड हा फार घट्ट रेणू. ताऱ्याच्या थंड वातावरणात कार्बन आणि ऑक्सिजन आधी एकमेकांना धरून बसतात, आणि जो कमी असतो तो या जोडीत पुरता अडकतो. जो उरतो त्याचं राज्य. ऑक्सिजन उरला तर सिलिकेटची धूळ होते, म्हणजे ढोबळमानाने वाळूच्या जातीची. कार्बन उरला तर काजळी. तरुण ताऱ्यात ऑक्सिजनच जास्त असतो; पण म्हातारपणी गाभ्याजवळ हेलियम अधूनमधून भडकतं, तिथे शिजलेला कार्बन ढवळून वर येतो आणि काही तारे पारडं फिरवतात. हे ढवळणं खरोखर होतं याचा सज्जड पुरावा पॉल मेरिल यांनी १९५२ मध्ये दिला. काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना टेक्निशियम सापडलं. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक टिकाऊ नाही; सगळ्यात दीर्घायुषी प्रकारसुद्धा चाळीसेक लाख वर्षांत निम्मा होतो. ताऱ्याचं वय अब्जांत. म्हणजे ते तिथेच आत्ता-आत्ता शिजलं आणि वर आलं.

काजळीवाल्या ताऱ्यांचं गणित सरळ आहे, कारण काजळी काळी असते, प्रकाश गिळते, धक्का भरपूर बसतो. सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस हा त्यातला नमुना, आपल्यापासून चारेकशे प्रकाशवर्षांवर. साध्या दुर्बिणीत तो जवळपास नाहीच. स्वतःच्याच काजळीत दडला आहे, जसा कंदिलाच्या काचेवर काजळी धरली की आतली वात दिसत नाही. पण १९६९ मध्ये अवरक्त सर्वेक्षणातून एरिक बेकलिन यांनी तो वेगळा काढला, तेव्हा ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला सूर्यमालेबाहेरची ती आकाशातली सगळ्यात तेजस्वी वस्तू निघाली. वात दिसत नव्हती, तापलेली काच दिसली.

ऑक्सिजनवाल्या ताऱ्यांपाशी मात्र आमच्या लोकांची बरीच वर्षं पंचाईत झाली होती. सिलिकेटमध्ये लोह असेल तर कण प्रकाश गिळतो, पण तापतो आणि ताऱ्याजवळ टिकतच नाही, वाफ होऊन नाहीसा होतो. लोह नसेल तर टिकतो, पण काचेसारखा पारदर्शक, म्हणजे धक्का नाही. साधारण २००६ च्या सुमारास गणितं सांगू लागली की या ताऱ्यांना वारा सुटायलाच नको. आणि आम्ही तर तो रोज मोजत होतो! २००८ मध्ये सुसाने ह्योफनर यांनी वाट सुचवली: कण जरा मोठा, मायक्रॉनच्या एक-तृतीयांशाच्या आसपास, झाला तर तो प्रकाश गिळत नाही, विखुरतो. विखुरतानाही धक्का बसतोच, आणि कण तापत नाही. २०१२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरून तीन ताऱ्यांभोवती याच मापाचे कण दिसले. म्हणून प्रकरण बंद झालं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक ताऱ्याभोवती पुरेसे मोठे कण पुरेशा संख्येने आहेत का यावर अजून घासाघीस चालू आहे, आणि बुडबुडे व स्पंदन यांचा वाटा पूर्वी वाटायचा त्याहून मोठा असावा, असं माझं मत झुकत चाललंय.

इथवरचं थोडक्यात: फुगल्यामुळे पकड ढिली होते, स्पंदन वायूला उंच उडवतं, उंचीवर धूळ जमते, प्रकाश धुळीला ढकलतो आणि धूळ वायूला ओढते. यातली एक जरी कडी काढली तरी वारा फारच मंदावतो. गुरुत्वाकर्षण परत का खेचत नाही, तर खेचतंच. वर उडालेला बराचसा वायू खरोखर परत पडतो. धूळ वेळेत जमली तो निसटतो.

आता "कशावरून?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. ताऱ्यापासून वायू निघालेला दिसला, म्हणजे तो सुटलाच असं कुठे आहे? १९५६ पर्यंत ही शंका रास्त होती. त्या वर्षी आर्मिन डॉइच यांनी शौरी तारकासमूहातल्या आल्फा हर्क्युलिसकडे बघून ती मिटवली. तो तांबडा राक्षस एकटा नाही. शेकडो पृथ्वी-सूर्य अंतरं लांब त्याचा एक पिवळसर जोडीदार आहे. डॉइच यांना जोडीदाराच्या वर्णपटात अशा बारीक रेषा दिसल्या, ज्या त्याच्या स्वतःच्या असूच शकत नव्हत्या. त्या थंड वायूच्या होत्या, आपल्या दिशेने सेकंदाला सुमारे १० किलोमीटरने येणाऱ्या. म्हणजे राक्षसाचा वायू जोडीदारालाही वेढून पुढे गेला होता. एवढ्या अंतरावर सुटायला तीनेक किलोमीटरचा वेगही पुरतो. आहे दहा. तो परत पडणार नाही. एका ताऱ्याचा पुरावा दुसऱ्या ताऱ्याच्या अंगावर सापडला, आणि मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात देखणं काम हेच.

आज आम्ही कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा वापरतो. हायड्रोजनचा रेणू थंडीत गप्प असतो, काही बोलत नाही. कार्बन मोनॉक्साइड त्याच्याऐवजी बोलतो. त्याची एक रेषा २३०.५ गिगाहर्ट्झला असते, तरंगलांबी १.३ मिलिमीटर. व्याख्यानानंतर हमखास कुणीतरी विचारतं, "मग खोडदच्या जीएमआरटीवरून का नाही बघत?" कारण ती मीटर लहरींची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस ताटल्या तारेच्या जाळीच्या आहेत. मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखी वाटते; मिलिमीटर लहर मात्र तिच्या भोकांतून पलीकडे निघून जाईल. शिवाय हवेतली वाफ या लहरी शोषते, म्हणून चिलीच्या वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर जावं लागतं. जुन्नर तालुक्याच्या पावसाळ्यात हे जमणारं काम नव्हे.

रेषा हाती येते ती कशी दिसते, ते सांगते. वाराच नसता तर एक अरुंद शिखर दिसलं असतं. प्रत्यक्षात ती पसरलेली असते, कारण ताऱ्याच्या अलीकडचा वायू आपल्याकडे येतोय आणि पलीकडचा दूर जातोय. सीडब्ल्यू लिओनिसची रेषा सेकंदाला २९ किलोमीटर रुंद. अर्धं करा: वाऱ्याचा वेग साडेचौदा किलोमीटर. पडद्यावर रेषा आली की वेग कळायला मिनिटसुद्धा लागत नाही. आकारही बोलतो. उलट्या वाटीसारखी गोल असेल तर वायू एवढा दाट आहे की त्याच्या आरपार दिसत नाही; दोन्ही कडांना शिंगं असतील तर वायू विरळ आहे आणि कवच आपल्याला उलगडून दिसतंय.

वायू किती, हे मात्र रेषेच्या उंचीवरून काढायचं, आणि तिथे पाय घसरतो. माझा घसरला आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका ताऱ्याचा दर मोठ्या ऐटीत काढून नेला. मार्गदर्शकांनी कागद बघितलाही नाही, एवढंच विचारलं, "अंतर कुठून आणलंस?" एका जुन्या यादीतून आणलं होतं, आणि ते जवळपास दुपटीने चुकीचं होतं. अंतर दुप्पट चुकलं की वस्तुमान जवळजवळ चौपट चुकतं. माझे सहा महिने गेले. आणि या ताऱ्यांचं अंतर मोजणं आजही कटकटीचं आहे. पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं सरकणं, काढायला ताऱ्याचा मध्य स्थिर हवा. इथे ते बुडबुडे उजळले-मावळले की प्रकाशाचा मध्यच सरकतो, आणि कधीकधी ताऱ्याची तबकडी त्याच्या पराशयाहून मोठी असते. म्हणून कुठेही अशा ताऱ्याचा वस्तुमानक्षय दोन-दोन दशांशांपर्यंत दिलेला दिसला तर तो दोन-तीन पटींनी इकडेतिकडे धरून चाला. मी स्वतःच्या आकड्यांनाही तेच लावते.

तर किती जातं? परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ‘तांबडा राक्षसी तारा’ या एका नावाखाली फार वेगळी परिस्थिती झाकली जाते. तीन तारे घ्या. रोहिणी, जी नुसत्या डोळ्यांना नारिंगी दिसते, ती वर्षाला सूर्याच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास गमावते. सूर्याच्या आजच्या वाऱ्याच्या काहीशे पट, पण अजून चिल्लर. मीरा साधारण कोटीवा भाग किंवा थोडा जास्त. म्हणजे दर वर्षी आपल्या चंद्रासारखे तीन-चार चंद्र. सीडब्ल्यू लिओनिस लाखाव्या भागाच्या दुपटीएवढं, म्हणजे वर्षाला सहा-सात पृथ्व्या. रोहिणी ते सीडब्ल्यू लिओनिस, फरक दहा-वीस लाख पट. रोहिणीसारख्या लहान, कमी फुगलेल्या ताऱ्यांभोवती धूळ जवळपास नसतेच, त्यामुळे वर सांगितलेली सुपाची गोष्ट तिला लागूच नाही. तिथे चुंबकीय लहरींकडे बोट दाखवलं जातं. १९७५ मध्ये डीटर राइमर्स यांनी तेज, त्रिज्या आणि वस्तुमान यांना जोडणारं एक साधं सूत्र दिलं. आजही ते सगळेजण वापरतात आणि सगळेजण त्याला नावं ठेवतात.

मीराच्या टप्प्यावर एक शर्यत सुरू होते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. सूर्याच्या दहा हजार पट तेजस्वी तारा आपलं तेज टिकवायला वर्षाला सूर्याच्या साधारण कोटीव्या भागाएवढा हायड्रोजन जाळतो. वारा याहून जोराचा झाला की ताऱ्याचा मृत्यू कधी, हे इंधन ठरवत नाही, वारा ठरवतो. "इंधन संपलं म्हणून तारा मेला" हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतं, पण या ताऱ्यांचं बरंचसं इंधन जळतच नाही. ते न जळताच उडून जातं. चुलीत सरपण शिल्लक असताना कुणी चुलीभोवतीचा सगळा ढीग उचलून नेला, तसं. आणि हे वाढत जातं: वस्तुमान कमी झालं की पकड आणखी ढिली, तारा आणखी फुगतो, स्पंदन आणखी मोठं, धूळ आणखी जास्त. शेवटी काही हजार ते काही लाख वर्षं महावारा सुटतो. सीडब्ल्यू लिओनिस त्याच अवस्थेत आहे. या दराने सूर्याएवढं वस्तुमान घालवायला त्याला पन्नास हजार वर्षं पुरतात.

कवच अगदी पातळ उरलं की तारा आकसतो, तापतो, आणि तीसेक हजार केल्विनला पोचलेला उघडा गाभा आजूबाजूच्या जुन्या वाऱ्याला पेटवतो. तीच बिंबाभ्रिका. तिचं कडं कसं बनतं हे सुन क्वोक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं: नंतरचा वेगवान पण विरळ वारा आधीच्या संथ वाऱ्याला मागून गाठतो आणि बर्फ लोटणाऱ्या फावड्यासारखा पुढे ढकलतो. अभ्रिकेचे सुंदर फोटो ‘ताऱ्याचा स्फोट’ म्हणून फिरतात तेव्हा मी हल्ली वाद घालणं सोडून दिलं आहे.

सगळे वारे गोल सुटत नाहीत हेही सांगायला हवं. जवळ जोडीदार तारा किंवा मोठा ग्रह असेल तर तो वारा ढवळतो. २०१२ मध्ये आल्माने आर स्कल्प्टोरिसभोवतीचा वायू दाखवला, तर साक्षात चकली! कधीच न दिसलेला जोडीदार फिरत असल्याची ती खूण. त्या चकलीच्या वेढ्यांतल्या अंतरावरून आणि बाहेरच्या कवचावरून असंही काढता आलं की सुमारे १८०० वर्षांपूर्वी गाभ्याजवळ हेलियम भडकलं आणि दोनेकशे वर्षं वारा जोरात होता. मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजे बीटलजूस, २०१९-२० च्या हिवाळ्यात मंदावला तेव्हाही अशीच गाठोडीभर धूळ एका बाजूला जमली होती. तो तारा मात्र फार जड आहे, त्याचा शेवट अतिनवताऱ्यात होणार; त्याचे नियम इथे लावू नका.

"खरंच एवढं जातं का" याची उलटतपासणी कृत्तिकांमध्ये करता येते. कृत्तिकांचं वय दहा-बारा कोटी वर्षं, आणि त्यात सूर्याच्या पाचपट जड तारे अजून जिवंत आहेत. त्याच पुंजात एक श्वेत बटू आहे, वजन जेमतेम सूर्याएवढं. जड तारे आधी मरतात, म्हणजे हा बटू ज्या ताऱ्यातून उरला तो या पाचपटींहून जड असणार. हिशोब करा: चार-पाच सूर्यांएवढा माल कुठेतरी गेला. चंद्रशेखर मर्यादेच्या वर, म्हणजे १.४ सूर्यवस्तुमानांच्या वर, श्वेत बटू टिकूच शकत नाही. तरी आठ सूर्यांपर्यंतचे तारे निमूट श्वेत बटू होतात, ते या वाऱ्यामुळेच.

आता सूर्य. शेवटी अर्ध्याहून किंचित जास्त उरेल, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो कधी किती जाईल याचा, आणि तुमच्या प्रश्नामागे पृथ्वीचं काय होणार ही धास्ती असेल तर तोच वाद महत्त्वाचा. श्रोडर आणि स्मिथ यांच्या २००८ च्या गणिताप्रमाणे साधारण ७६० कोटी वर्षांनी सूर्य आजच्या २५६ पट फुगेल, आणि तोवर एक-तृतीयांश वस्तुमान गेलेलं असेल. पृथ्वीची कक्षा आज सूर्याच्या २१५ त्रिज्यांवर आहे. वस्तुमान घटलं की कक्षा रुंदावते, ती ३२० च्या आसपास जाऊन पृथ्वी वाचायला हवी; पण फुगलेल्या सूर्यावर पृथ्वीमुळे उठणारी भरती तिला मागे खेचते, आणि त्यांच्या मते ती गिळली जाते. यातला एक-तृतीयांश हा आकडा कितपत पक्का? केप्लर दुर्बिणीने एनजीसी ६७९१ या जुन्या पुंजातल्या ताऱ्यांची कंपनं मोजली, त्यावरून २०१२ मध्ये निघालं की पहिल्या फुगण्यात तिथले तारे सरासरी सूर्याच्या नऊ शतांशांएवढंच गमावतात. तो पुंज धातुसमृद्ध आहे (आमच्या भाषेत हेलियमहून जड ते सगळे धातू), तारे सूर्याहून थोडे जड आहेत, त्यामुळे आकडा उचलून सूर्याला चिकटवता येत नाही. पण वारा कमी निघाला तर कक्षा कमी रुंदावेल आणि पृथ्वीची अवस्था आणखी बिकट होईल, एवढं नक्की.

गेलेलं कुठे जातं? काही आपल्याकडेच आलं आहे. १९६२ मध्ये फ्रेड हॉइल (मराठी वाचकांना ते नारळीकरांचे गुरू म्हणून माहीत असतात) आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडलं की कार्बन ताऱ्यांच्या वातावरणात ग्राफाइटचे कण बनून आकाशगंगेत पसरत असावेत. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे अशनी पडला. त्याची भुकटी तीव्र आम्लांत विरघळवली की तळाशी चिमूटभर अविद्राव्य गाळ उरतो, आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडतात. त्यांच्या समस्थानिकांचं प्रमाण सूर्यमालेतल्या कशाशीच जुळत नाही, म्हाताऱ्या कार्बन ताऱ्यांशी जुळतं. त्याच सिलिकॉन कार्बाइडची खूण कार्बन ताऱ्यांच्या वर्णपटात ११.३ मायक्रॉनला दिसते. काही कण सूर्याच्याही आधीचे, ७०० कोटी वर्षांपर्यंत जुने निघाले. मी दूरवरून जी धूळ मोजते ती कुणीतरी सुईच्या टोकावर उचलून बघतं, याचा मला थोडा हेवा वाटतो.

मीराचा माल तर वाटेतच सांडलेला दिसतो. तो तारा सेकंदाला १३० किलोमीटरने आकाशगंगेत धावतोय, आणि २००७ मध्ये गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीला त्याच्यामागे १३ प्रकाशवर्षं लांब शेपूट सापडलं. गेल्या तीस हजार वर्षांत निघालेला वायू त्यात आहे. तोवर चारशे वर्षं लोक त्या ताऱ्याकडे बघत होते, आणि शेपूट कुणालाच दिसलं नव्हतं.

हा तारा तुम्हीही बघू शकता, शेपटाशिवाय. नोव्हेंबर ते जानेवारीच्या संध्याकाळी मेष आणि मीन यांच्या खाली, दक्षिणेकडे तिमिंगल सापडतो. ऐन भरात मीरा नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो, एरवी नवव्या प्रतीपर्यंत उतरतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आणि मग दुर्बीण लागते. चक्र ३३२ दिवसांचं असल्यामुळे त्याचा भर दर वर्षी महिनाभर आधी येतो; काही वर्षं तो सूर्याच्या आड सापडून वाया जातो. पंधरा दिवसांतून एकदा शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी त्याची तुलना करून वहीत प्रत लिहून ठेवा, आलेख काढा. वर चढतानाची रेघ खड्या चढणीची आणि उतरतानाची सावकाश येते.